अनध्यायाचे दिवस

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलाच्या पत्रांत अभ्यासापेक्षा भ्रमंतीचाच मजकूर अधिक असतो, ही घरच्या वडीलधाऱ्यांची जुनी तक्रार आहे. शुक्रवारी सायंकाळी वह्या मिटल्या की चिरंजीव आगगाडीत बसतात. शनिवारी एखादा गड, रविवारी एखादे चित्रसंग्रहालय पाहून सोमवारी सकाळी वर्गात हजर! वडिलांच्या मनात येते, एवढा खर्च करून पाठविले ते शिकावयास की हिंडावयास? प्रश्न रास्त आहे. परंतु तो लंडन-बर्लिनच्या वाटेवर प्रथम उद्भवलेला नाही. आपल्याकडे विद्येचे माहेरघर म्हणून जिची ख्याती, त्या काशीतही तो होताच.

जुन्या पाठशाळांना रविवार ठाऊक नव्हता. पण सुट्टी ठाऊक होती. तिचे नाव अनध्याय. प्रतिपदा आणि अष्टमी या तिथींना पाठ होत नसे. चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या यांनाही स्मृतिकारांनी अनध्यायच सांगितला आहे. चतुर्दशी, पर्वतिथी आणि प्रतिपदा अशा लागोपाठ आल्या म्हणजे विद्यार्थ्याला सलग तीन दिवस मोकळे मिळत. हा नियम केवळ आळसाची सोय नव्हता. अशोकवनातील कृश सीतेचे वर्णन करताना, प्रतिपदेला पाठ करणाऱ्याची विद्या जशी क्षीण होते तशी ती झाली होती, असा दाखला वाल्मीकींनी दिला आहे. विद्येलाही विसावा लागतो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

काशीतील विद्यार्थ्याला या मोकळ्या दिवसांत जाण्यासारखे थोडे नव्हते. नाव करून गंगा ओलांडली की रामनगर. तेथील रामलीला तर जवळजवळ महिनाभर चालते. पाय बळकट असतील तर पंचक्रोशी, म्हणजे कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा या पाच मुक्कामांची प्रदक्षिणा. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या मराठी वस्तीतून निघून उत्तरेस वरुणा ओलांडली, तर दोन-तीन तासांच्या चालीवर सारनाथ. परंतु पंचक्रोशीच्या पाच मुक्कामांत सारनाथ नाही. पाठशाळेच्या अध्ययनातही त्याला जागा नव्हती. शास्त्रग्रंथांत बुद्धमत यावयाचे ते पूर्वपक्ष म्हणून, खंडन करण्यापुरते.

अशा काशीत १९०० साली एक गोमंतकीय तरुण येऊन दाखल झाला. त्याचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गाव साखवाळ. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या अमलाखाली होता. काशी इंग्रजी राज्यात. कोणत्याही यात्रेकरूला काशी परकी वाटत नसे, तरीही कायद्याच्या दृष्टीने हा विद्यार्थी परदेशातच शिकत होता. 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्रपर लेखाने त्याला वेध लावले होते. पुण्यास येऊन त्याने डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट घेतली. बुद्धाला जाणावयाचे तर आधी संस्कृत हवे, म्हणून काशी. तेथे गंगाधरशास्त्री तेलंगांच्या परंपरेत व्याकरणाचे अध्ययन सुरू झाले. पोटाला अन्नछत्राचा आधार.

या विद्यार्थ्याची परिस्थिती विलक्षण होती. ज्या व्याकरणासाठी तो घोकंपट्टी करीत होता ते त्याचे साधन होते, साध्य नव्हते. साध्य वरुणेपलीकडच्या शेतांत मातीखाली पडले होते, आणि त्याविषयी त्याला शिकवू शकेल असा एकही गुरू पाठशाळेत नव्हता.

या दोन जगांना जोडणारा एक धागा इतिहासात आहे. बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने १७९१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा स्थापन केली. आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय तिचेच वाढलेले रूप आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७९४ मध्ये, राजा चेतसिंहाच्या दिवाणाचा, जगतसिंहाचा, एक बाजार बांधावयाचा होता. विटांसाठी त्याच्या माणसांनी सारनाथचा एक प्राचीन स्तूप खणून काढला. आत दगडी पेटी आणि तीत अस्थी सापडल्या. अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. विटा बाजाराला लागल्या. ही हकीकत टिपून ठेवली ती याच डंकनने. तोच पुढे १७९५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८११ पर्यंत, मुंबईचा गव्हर्नर होता. एकाच माणसाने काशीत पाठशाळा उभी केली आणि सारनाथच्या अस्थींची नोंदही केली. पण पाठशाळेत ती नोंद शिकविली गेली नाही. ज्ञान जवळ असणे वेगळे आणि त्याच्याकडे जाणारी वाट असणे वेगळे.

धर्मानंदांना ती वाट स्वतःच्या पायांनी काढावी लागली. १९०२ च्या आरंभी ते एका नेपाळी सहाध्यायाबरोबर काशीहून नेपाळास निघाले. राणांच्या त्या कारकीर्दीत नेपाळची दारे परक्यांना सहसा बंद असत. शिवरात्रीस पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना मात्र ती उघडत. बौद्ध धर्म अद्याप नेपाळात नांदतो, असे धर्मानंदांनी ऐकले होते. परंतु तेथील आचारात त्यांना ओढ लागलेला बुद्ध त्यांना आढळला नाही. एवढा डोंगर चढून जाऊन हाती निराशा आली. घरी बसलेला शहाणा म्हणेल, हा प्रवास फुकट गेला!

तो फुकट गेला नाही. आपण शोधतो ते येथे नाही, हे कळणे हासुद्धा विद्येचा एक पाठ आहे, आणि तो कोणत्याही गुरूच्या ओटीवर बसून मिळत नाही. नेपाळहून ते बुद्धगयेस आले. तेथे एका भिक्षूने सांगितले, शिकावयाचे असेल तर सिलोनला जा. त्याच वर्षी ते कोलंबोस पोचले. माळिगाकंद येथे सुमंगलाचार्यांनी १८७३ मध्ये स्थापिलेले विद्योदय विद्यालय होते. तेथे त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पाली ग्रंथांचे अध्ययन केले. पुढे ब्रह्मदेश. १९०४ मध्ये ते भिक्षूच्या चीवरात हिंदुस्थानात परतले आणि बुद्धचरित्रातील स्थळे हिंडले. ज्या भूमीत ते व्याकरण घोकणारे अनोळखी विद्यार्थी होते, तीच भूमी आता त्यांना वाचता येऊ लागली होती. पाली ग्रंथांतील गावे आणि नद्या पायांखाली येत होत्या.

त्याच सुमारास मातीनेही बोलावयास आरंभ केला. १९०४-०५ च्या हिवाळ्यात सारनाथला उत्खनन झाले आणि अशोकाच्या स्तंभावरील सिंहशीर्ष बाहेर आले. २६ जानेवारी १९५० रोजी ते भारताचे राजचिन्ह झाले. धर्मानंद काशीत अन्नछत्राच्या पंगतीत बसत होते तेव्हा ते सिंह काही कोसांवर जमिनीखालीच होते.

तथापि या भ्रमंतीचा जमाखर्च मांडताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १८९९ साली धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या माणिक होती. ते पुन्हा गोव्यास आले १९०६ मध्ये. सात वर्षे! त्या सात वर्षांत काशी, काठमांडू, कोलंबो, ब्रह्मदेश यांची नावे गोव्यातील त्या घराने कशी ऐकली असतील? विद्यार्थ्याच्या प्रत्येक मोहिमेचे भाडे कोणीतरी घरी बसून भरीत असते. स्वतःच्या गृहत्यागाची ही बाजू धर्मानंदांना माहीत नव्हती असे नाही. परंतु 'निवेदन' या त्यांच्या आत्मचरित्रात प्रवास त्यांचा आहे. बाळाबाईंची सात वर्षे कोणी लिहिली नाहीत.

हे ऋण फेडण्याचा मार्ग एकच असतो. पाहिले ते घरी आणणे. धर्मानंदांनी ते आणले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या साहाय्यामुळे त्यांना मराठी वाचकांसाठी काम करता आले. १९१० पासून त्यांनी अमेरिकेत हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचे काम केले; तेथून परतल्यावर १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. काशीच्या पाठशाळेत जी वाट त्यांना मिळाली नव्हती, ती पुण्याच्या विद्यार्थ्याला वर्गातच मिळू लागली. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ मराठी घरांत गेला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचा देह पडला.

आजच्या विद्यार्थ्याला शिवरात्रीची वाट पाहावी लागत नाही की अन्नछत्राची पंगत धरावी लागत नाही. तिकीट क्षणात मिळते, छायाचित्र त्याहून आधी घरी पोचते. म्हणूनच त्याच्या भ्रमंतीला विचारावयाचा प्रश्न किती हिंडला हा नाही. वर्गात ज्याला उत्तर नव्हते असा कोणता प्रश्न तो बरोबर घेऊन निघाला होता, आणि परत आल्यावर त्या प्रवासातले काय दुसऱ्याच्या उपयोगी पडले, हा आहे. याचे उत्तर देता येत असेल, तर घरच्या वडिलांनी निश्चिंत असावे. अनध्यायाच्या दिवशी मुलाचा पाठ चुकलेला नाही.