रिकामं भांडं परत जात नाही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचं बोलणं झालं. मी आता परसातल्या दोडक्याबद्दल बोलणार आहे. त्यासाठी तुम्हाला आधी मुंबईला नेतो.

गिरगावातल्या वस्त्यांची नावं ऐका : फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट. इथे कधीकाळी बागा आणि शेतं होती, हे नावंच सांगतात. बागा गेल्या, चाळी आल्या. लालबाग-परळला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. आपल्या वऱ्हाडचा कापूसही तिथे कातला गेला. कातणारे कोण? कोकणातल्या आणि सातारा-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांचीच पोरं.

दहा बाय बाराच्या खोलीला परस कुठलं? पण गावचं परस तिथवर पोहोचायचं. मे महिन्यात गावी गेलेला चाकरमानी परतताना आंबे, आमसुलं, फणसपोळी आणायचा. घाटावरचा ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा आणायचा. गाठोडं सुटलं की शेजारच्या खोल्यांत वाटा जायचा. ज्या भांड्यातून वाटा आला ते रिकामं परत करायचं नाही, हा आपल्याच गावचा रिवाज चाळीनेही पाळला.

हे दान नव्हे. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. इथे आज घेणारी बाई उद्या देणारी असते.

१८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार बंद झाला, संप महिनोन्‌महिने लांबला. हजारो कामगार गावी परतले आणि घरच्या धान्यावर राहिले. संपाला यश आलं नाही. पण कामगार इतके दिवस तग धरू शकला, त्यात गावच्या कणगीचाही वाटा होता. वाण्याची उधारी कधीतरी थांबते, शेजारणीच्या भाकरीचं खातं कोणी लिहीत नाही.

आता आपल्याकडे बघा. पूर्वी कपाशीत तूर, चवळी, अंबाडी असायची, बांधावर वाल, भोपळा. आता सलग कपाशी आणि वर तणनाशकाचा फवारा. कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या पुढेमागे. श्रावण-भादव्यात खिसा रिकामा, आणि शेतकऱ्याच्या घरची बाई आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करते! शेजारणीला देईल काय?

शेतीशास्त्र काय सांगतं? दोडका, गवार, चवळी कोवळी तोडत राहिलं की नवी फुलं येत राहतात. फळं जून होऊ दिली की झाडाची ताकद बियांत जाते, फुलोरा मंदावतो. म्हणजे खाऊन उरलेलं तोडून वाटलं तर तुमचं कमी होत नाही, वाढतं. दोन किलो दोडके तालुक्याला नेऊन एसटीचं तिकीट तरी निघेल का? ते वाटण्यातच हिशेब आहे.

पण एक घोळ करू नका. दोडका मी माझ्या मर्जीने देतो. कापूस खर्चाच्या खाली जातो तेव्हा माझी मर्जी कोण विचारतं? ते देणं नव्हे, ती लूट आहे. उद्या कोणी ‘जगाचा पोशिंदा’ म्हणून हार घातला, तर आधी भाव विचारा.

या खरिपात एवढं करा. कपाशीत दोन तासं चवळी-अंबाडीची ठेवा आणि तिथे तणनाशक नेऊ नका. न्हाणीच्या पाण्यावर दोडका-भोपळ्याचं आळं करा. हंगामाच्या अखेरीला सगळ्यात निरोगी वेलाची एक-दोन फळं बियाला राखा. आणि पुढच्या बैठकीला गावरान बियांची पुडी बांधून आणा. ज्याच्याकडे बी नाही त्याने मोकळ्या हाताने यावं; मोकळ्या हाताने परत मात्र कोणी जाऊ नये.