कोन्याकची माती



आयुष्यभर मुलांना भूगोल शिकविलेल्या आणि मद्याचा थेंबहि न चाखलेल्या मास्तरानें फ्रान्समधील एका मद्याविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. मद्यानें उध्वस्त झालेलीं घरें मीं माझ्याच विद्यार्थ्यांचीं पाहिलीं आहेत. तेव्हां पिण्याची भलावण माझ्या तोंडून होणें नाहीं. मी हकीकत सांगणार आहें ती मातीची.

पश्चिम फ्रान्समध्यें शारांत नदीकांठीं कोन्याक नांवाचें गांव आहे. सतराव्या शतकांत डच व्यापारी येथील द्राक्षमद्याचा अर्क नेऊं लागले. त्यास ते ‘जाळलेलें मद्य’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखीत. आपल्या परिचयाचा ‘ब्रँडी’ हा शब्द त्याचाच अपभ्रंश होय.

या मुलुखाचे सहा पोटविभाग आहेत. त्यांत मान पहिला तो ग्रांद शांपान्यचा. फेंसाळणाऱ्या शँपेनच्या प्रांताशीं याचा संबंध नाहीं. शांपान्य म्हणजे उघडें माळरान. येथील जमीन खडूची. पावसाचें पाणी ती स्पंजाप्रमाणें शोषून ठेवते व उन्हाळ्यांत मुळांना पुरविते. या जमिनीच्या अर्कास फुलांचा नाजुक गंध असतो. मात्र तो परिपक्व होण्यास फार काळ लागतो. शेजारच्या लहानशा बॉर्दरी विभागांत माती चिकण व गारगोटीची. तेथील अर्कास व्हायोलेट फुलांचा वास येतो. द्राक्षें बहुतेक सर्वत्र ‘उन्यी ब्लां’ जातीचींच. मोठा फरक पडतो तो मातीनें!

या द्राक्षांचें मद्य आंबट व सौम्य असतें. तांब्याच्या पात्रांतून त्याचा दोनदां अर्क काढतात. पुढें तो निदान दोन वर्षें, आणि उत्तम असल्यास कित्येक दशकें, ओकच्या पिंपांत ठेवतात. त्यांतला कांहीं अंश दरवर्षीं उडून जातो. त्यास तेथील लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. त्या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीनें कोठारांच्या भिंती काळ्या पडलेल्या असतात.

या मातीवरहि संकट आलें. १८७० नंतर फायलोक्सेरा नांवाच्या किडीनें मुळें खाऊन मळे उजाड केले. कीड अमेरिकेंतून आलेली; तेथील वेली तिला दाद देत नसत, पण खडूच्या जमिनींत त्यांतल्या बऱ्याच जगेनात. १८८७ सालीं प्येर व्हियाला हे शोधार्थ अमेरिकेस गेले. टेक्सासमध्यें मन्सन नांवाच्या बागाइतानें त्यांस तशाच चुनखडीच्या जमिनींत रुजणाऱ्या वेली दाखविल्या. त्यांच्या खुंटांवर फ्रेंच द्राक्षांचीं कलमें बांधलीं, आणि मळे पुन्हां उभे राहिले. १९०९ सालीं सरकारनें या प्रदेशाची सीमा आंखून दिली. तिच्याबाहेर काढलेल्या अर्कास कोन्याक म्हणतां येत नाहीं.

तेथील कोठारांत आज भरलेलें एखादें पिंप भरणाऱ्याच्या नातवाच्या हातूनच उघडलें जातें. म्हणून भरणाऱ्यानें हात आंखडता घेतला, असें मात्र होत नाहीं. मला त्या अर्काचा मोह नाहीं. पण त्या कोठारांतल्या वृद्ध कारागिराजवळ घटकाभर बसावें, असें मात्र फार वाटतें. आम्हां मास्तरांचीहि पिंपें आमच्या मागूनच उघडतात.