वसतिगृहाचे रजिस्टर आणि सामाईक आज्ञावली
(विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



मला 'ओपन सोर्स' या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. समोर संगणक शिकणारी मुले-मुली आहेत, तसे त्यांचे आईवडीलही आहेत. म्हणून मी सर्वांच्या परिचयाच्या वस्तूपासून, वसतिगृहाच्या रजिस्टरपासून सुरुवात करतो.

मी एका वसतिगृहाच्या समितीवर होतो. नोंदणीसाठी आम्ही पैसे मोजून संगणकाचा प्रोग्राम करून घेतला. दोन वर्षे तो बरा चालला. पुढे अनामत रकमेचा एक रकाना वाढवायचा ठरले, तर करणारे गृहस्थ फोन उचलीनात. मूळ आज्ञावली, म्हणजे कोड, त्यांच्याजवळ. आमच्याजवळ फक्त पडद्यावर दिसणारे. शेवटी लिपिकाने पुन्हा वही उघडली. दोष एकट्या त्यांचा नव्हता. कोड कोणाच्या मालकीचा राहील, हे आम्हीच विचारले नव्हते.

आता हेच काम आपला विद्यार्थी करू शकतो, आणि तेही शून्यापासून नव्हे. उदाहरण आपल्याच राज्यातले देतो. ऋषभ मेहता यांनी मुंबईत 2008 साली सुरू केलेल्या कंपनीतून 'ईआरपीनेक्स्ट' हे उद्योगधंद्याचे हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर निघाले. ते ज्या पायावर उभे आहे तो पाया म्हणजे 'फ्रापे फ्रेमवर्क'. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेला हा कोड सर्वांना खुला आहे.

त्याची रीत सोपी आहे. नाव, खोली क्रमांक, प्रवेशाची तारीख, अनामत असे रकाने तुम्ही त्याला सांगायचे. या वर्णनाला तिथे 'डॉकटाइप' म्हणतात. त्यावरून माहिती साठविण्याचा तक्ता, भरावयाचा फॉर्म आणि नोंदींची यादी तो आपण होऊन तयार करतो. नोंद कोणी करावी, खोडावी कोणी, नुसती पाहावी कोणी, हेही ठरविता येते. आमचा तो एक रकाना इथे काही मिनिटांत वाढला असता!

पण मित्रहो, खुले म्हणजे बेवारस नव्हे. फ्रापेचा परवाना 'एमआयटी' पद्धतीचा आहे: वापरा, बदला, विकासुद्धा, मात्र मूळ कर्त्याचे नाव व परवान्याचा मजकूर काढू नका, आणि बिघडले तर हमी मागू नका. ईआरपीनेक्स्टचा 'जीपीएल' परवाना याहून कडक. त्यात बदल करून ते दुसऱ्याला दिले, तर बदललेला कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. मला व्यक्तिशः हा दुसरा प्रकार अधिक न्याय्य वाटतो. तरुण मंडळींचे मत वेगळे असेल.

सामाईक वस्तूत धोकाही सामाईक असतो. मार्च 2016 मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या 11 ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्याने एका वादातून सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला. त्यावर परस्पर विसंबलेले हजारो प्रकल्प जगभर अडले. काही तासांत तो परत ठेवावा लागला. आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत, हे अनेकांना त्या दिवशी प्रथमच कळले.

विद्यार्थ्यांकडे माझी तक्रार इथेच आहे. आपल्या शहरात मुले क्लासची भरमसाट फी भरतात, प्रमाणपत्र आणतात, आणि वापरलेल्या लायब्ररीचे एक पानही उघडून पाहत नाहीत. ग्रंथालयातले पुस्तक एकाने नेले की दुसऱ्याने थांबायचे. हा कोड हजारांनी एकाच वेळी वाचला तरी संपत नाही. अर्थात कोड फुकट असला तरी संगणक, इंटरनेट आणि इंग्रजी माहितीपत्रके समजण्याइतकी भाषा फुकट मिळत नाही, हे मी जाणतो. त्या बाबतीत संस्थेनेच हात दिला पाहिजे. आणि योगदान म्हणजे मोठा कोडच असे नाही. चूक नीट वर्णन करून कळविणे, पडद्यावरचा बोजड मराठी शब्द सुधारून पाठविणे, हेही काम मोजले जाते.

वसतिगृहाची ती वही मी आज सोबत आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे. तिच्यातले रकाने कोणते ठेवायचे नि कोणते गाळायचे, ते आधी कागदावर मांडू. संगणक उद्या उघडू.