यंत्रांची थरथर आणि आपली मुले
(उत्सवातील करिअर मार्गदर्शन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मंडळाने मला इंजिनिअरिंगमधल्या थोड्या वेगळ्या वाटेविषयी बोलायला सांगितले आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे गुडगाव-मानेसर पट्ट्यात गाड्यांच्या भागांची कंपने मोजण्यात आणि कॉम्प्युटरवर त्यांचे गणित मांडण्यात गेली. या गणिताच्या कामाला सिम्युलेशन किंवा सीएई म्हणतात. आपल्याकडे मुले मेकॅनिकल किंवा सिव्हिल शिकतात आणि शेवटच्या वर्षी "आता आयटीतच जाऊ" असे ठरते. त्यात गैर काही नाही. पण ही दुसरी वाट निदान माहीत असावी, एवढाच माझा आग्रह आहे.

आधी विषय काय ते सांगतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकेच धक्के दिले तरी तो उंच जातो. तसेच प्रत्येक वस्तूची कंप पावण्याची स्वतःची एक लय असते. चार सिलिंडरचे इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला २५ धक्के बसतात. स्टिअरिंगची लय नेमकी २५ च्या आसपास असली, तर सिग्नलला उभे असताना हाताला मुंग्या येतील. गुडगावात १९८३ साली सुरू झालेली मारुती ८०० तीन सिलिंडरची होती, म्हणजे तिचे गणित वेगळे. ही गाठ पडू नये म्हणून गाडी तयार होण्याआधीच कॉम्प्युटरवर हिशेब करतात. भागाचे हजारो, लाखो छोटे तुकडे कल्पून प्रत्येकाची समीकरणे एकत्र सोडवायची, ही फायनाइट एलिमेंट पद्धत.

या विषयात आपल्या कोयनेचे नाव जगभर घेतले जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे, भेगा पडल्या. धरणात कंपनमापक यंत्र बसवलेले होते आणि त्याने धक्क्याची नोंद केली. १९७३ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातील अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी ती नोंद वापरून धरणाचे गणित केले. सर्वांत जास्त ताण आला तो जिथे भेगा पडल्या होत्या त्याच भागात! पुढे धरणाला आधारभिंती देऊन बळकटी आणली गेली. आजही अबॅकस या नामांकित सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहात कोयना धरण आहे. परदेशातला विद्यार्थी सातारा जिल्हा नकाशात दाखवू शकणार नाही, पण कोयनेचा धक्का त्याने कॉम्प्युटरवर सोडवलेला असतो.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. त्या गणितावर विश्वास बसला, कारण ताडून पाहायला खऱ्या भेगा होत्या आणि खरी मोजणी होती. कॉम्प्युटर रंगीत चित्र नेहमीच देतो. चुकीची माहिती भरली तरी तितकेच सुंदर देतो.

हे काम किती जबाबदारीचे आहे, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. बुलंदशहर जिल्ह्यात गंगेकाठी नरोरा अणुवीज केंद्र आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तिथल्या पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. कारण धातूचा थकवा. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसेच. टर्बाइन सेकंदाला ५० फेरे घेणारे. तोल गेल्यावर ते भयंकर थरथरले, थंडाव्यासाठी वापरलेला हायड्रोजन बाहेर पडून पेटला, केबल जळाल्या आणि संचाची वीज सुमारे १७ तास गेली. कर्मचाऱ्यांनी विजेरीच्या उजेडात वर चढून बोरॉनचे द्रावण सोडणाऱ्या झडपा हाताने उघडल्या. किरणोत्सार बाहेर गेला नाही, ही त्यांची कर्तबगारी. पात्याची लय आणि त्याचा थकवा आधीच ओळखणे, हेच आपल्या विषयाचे काम आहे.

आता नोकऱ्यांविषयी. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, तर आपल्या शेजारी मानेसरला २००६ साली आयकॅट सुरू झाले. दोन्ही ठिकाणी गाड्यांचा आवाज आणि कंपने तपासली जातात. गाड्यांचे कारखाने, सुटे भाग बनवणारे, वीज केंद्रे, रेल्वे, विमाने, सगळीकडे ही माणसे लागतात. विजेच्या गाड्या आल्यावर काम संपेल असे काहींना वाटते. उलट इंजिनाचा आवाज गेल्याने गिअरची शीळ, टायरचा आणि वाऱ्याचा आवाज आता जास्त कानावर येतो.

पालकांना स्पष्टच सांगतो, पहिला पगार आयटीतल्या मित्रापेक्षा कमी असू शकतो. पहिली चार-पाच वर्षे धीर लागतो. पुढे मात्र अनुभवाला किंमत येते.

विद्यार्थ्यांना तीन सूचना. पहिली, सॉफ्टवेअरच्या क्लासआधी मेकॅनिक्स आणि कंपनांचे गणित पक्के करा. गेट देऊन एम.टेक. करता आले तर उत्तमच. आयआयटी दिल्लीत अप्लाइड मेकॅनिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. दुसरी, नुसते तुकडे पाडण्याच्या, म्हणजे मेशिंगच्या कामात अडकून राहू नका. ते काम दिवसेंदिवस कॉम्प्युटर स्वतःच करू लागला आहे. तिसरी, चाचणीच्या शेडमध्ये जा. सेन्सर स्वतः चिकटवा, हातोडीने ठोकून भागाची लय मोजा आणि मग आपल्या गणिताशी ताडून पाहा. डिप्लोमा झालेल्या मुलांनाही या शेडमध्ये चांगले काम आहे, आणि त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो आहे.

कार्यक्रमानंतर मी इथेच आहे. ज्यांना कॉलेज किंवा प्रोजेक्ट निवडायचे असेल, त्यांनी संकोच न करता भेटावे. आई-बाबांनाही बरोबर आणा.