पहिला लेथ कोणत्या लेथवर बनला?

(वसंत व्याख्यानमालेत कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काल याच माइकवर गझला झाल्या आणि आज भंगारावर व्याख्यान आहे. तरीही तुम्ही आलात. (हशा) पत्रिकेत विषय छापलाय, ‘ॲल्युमिनियम ओतून घरी बनवलेली यंत्रे’. त्यावर मी बोलणारच आहे. पण मला ओळखणारे पाच-सहा जण मागे बसलेत, त्यांना ठाऊक आहे की मला कुठल्याही विषयावर उभं करा, मी शेवटी सपाट पृष्ठभागावर येऊन थांबतो. आज किती मिनिटांत येतो, यावर त्यांची पैज लागली असेल.

कोल्हापुरात उभं राहून ओतकाम म्हणजे काय हे सांगण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ज्यांचं आयुष्य गेलं ते इथे बसलेत. किर्लोस्करवाडी १९१० साली कशी वसली, लोखंडी नांगर कसा खपला, हेही तुम्हाला पाठ आहे. ते सोडून देतो आणि थेट अमेरिकेत जातो.

मिझुरी राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे. तिथे डेव्ह जिंजरी राहायचे. जन्म १९३२, मृत्यू २००४. १९८०च्या सुमारास त्यांनी छोट्या पुस्तकांची एक मालिका लिहायला घेतली. भंगारातून स्वतःचं वर्कशॉप कसं उभारावं, हा तिचा विषय. सात पुस्तकं आहेत आणि त्यांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्यात कोळशाची भट्टी, दुसऱ्यात लेथ, तिसऱ्यात शेपर, चौथ्यात मिलिंग मशीन. ड्रिलिंग मशीन, जे आपण दुकान थाटताना सगळ्यात आधी घेतो, ते पाचवं! तोवर हातातल्या ड्रिलवर भागवायचं. मग डिव्हायडिंग हेड आणि शेवटी पत्रा वाकवायचं यंत्र.

भट्टी म्हणजे एक पत्र्याची बादली. आतून रेती आणि फायर क्लेचा थर, त्यात लाकडी कोळसा आणि हवा मारायला केस वाळवायचा ड्रायर. घरातल्या मंडळींनी हे ऐकलं नाही असं समजा. (हशा) ॲल्युमिनियमच का? तर ते ६६० अंशांना वितळतं. बिडाला साधारण बाराशेपर्यंत जावं लागतं, ते अंगणातलं काम नाही. शिवाय ॲल्युमिनियमला करवत लागते, कानस लागते. ज्याच्याकडे अजून एकही मशीन नाही, त्याला हे फार महत्त्वाचं.

भंगार मात्र निवडून घ्या. जुने पिस्टन, गिअरबॉक्सची घरं, म्हणजे जे आधीच एकदा ओतलेलं आहे, ते घ्या. खिडक्यांच्या पट्ट्या ओतायला तितक्या चांगल्या नाहीत. पॅटर्न लाकडाचा, बाजूंना थोडा उतार दिलेला, नाहीतर रेतीतून उचलताना कडा ढासळतात. आकुंचन धरायचं फुटाला सुमारे चार मिलिमीटर. रेती मुठीत दाबा, मूठ उघडा, गोळा मधोमध मोडा. स्वच्छ तुकडा पडला तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी आहे, हाताला चिकटली तर जास्त.

आणि एक गोष्ट मुलांसाठी. वितळलेलं ॲल्युमिनियम दिवसाउजेडी लाल दिसत नाही. मुशीत ते नुसतं चंदेरी, गार असल्यासारखं पडलेलं असतं. बीड निदान डोळ्यांना घाबरवतं, हे घाबरवत नाही. म्हणून ओतायची जागा कोरड्या रेतीची हवी. काँक्रीटवर सांडलं तर आतल्या ओलीची वाफ होऊन जमीन फुटते आणि धातू अंगावर उडतो. चामड्याचे बूट, चेहऱ्यावर जाळी किंवा शील्ड, आणि जवळपास पाण्याची बादली नको.

आता लेथ. बेड ॲल्युमिनियमचा ओतलेला, पण त्यावर सरकणारी पट्टी पोलादी, स्क्रूने बसवलेली. म्हणजे झीज पोलादावर. बेडचा माथा हाताने स्क्रेप करून सपाट करायचा. हेडस्टॉकची भोकं बाहेरच्या मशीनवर पाडायची नाहीत. त्याच अर्धवट लेथवर बोअरिंग बार लावून पाडायची, म्हणजे त्यांचा अक्ष बेडला समांतरच येतो. पुढचे भाग तो लेथ स्वतःच कातत जातो.

इथे मला मुळात जे बोलायचंय ते येतं. लेथ बनवायला लेथ लागतो, हे आपण इतके दिवस घोकलंय. मग पहिला लेथ कोणत्या लेथवर बनला? दही लावायला विरजण लागतं हे ठीक, पण पहिलं विरजण कुणाच्या घरून आणलं? जिंजरींच्या पुस्तकांकडे लोक काटकसरीचा मार्ग म्हणून बघतात. मी त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर म्हणून बघतो. कमी अचूक हत्यारातून जास्त अचूक वस्तू निघू शकते. ज्याने हे एकदा हाताने केलं, त्याला कुठल्याही मशीनची भीती वाटत नाही.

(मागून: ‘बारा मिनिटं!’ हशा) पैज जिंकली का? चहा मला पण.

लंडनला हेन्री मॉड्स्ले होते. १८००च्या सुमारास आटे पाडायचा लेथ त्यांनी अचूक केला. त्यांच्या कारखान्यात एक मापयंत्र होतं, त्याला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत, कारण त्याच्या निकालावर अपील नाही. त्यांच्याकडे काम केलेला एक तरुण म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ. इथल्या जुन्या फिटरांनी व्हिटवर्थचे आटे पाडलेत, ५५ अंशांचे. तेच हे व्हिटवर्थ. १८४० साली ग्लासगोच्या परिषदेत त्यांनी निबंध वाचला, विषय होता सपाट पृष्ठभाग. माझ्यासारखाच माणूस. (हशा)

पद्धत अशी. बिडाच्या तीन प्लेटा घ्या. अ, ब, क. ‘अ’वर प्रशियन ब्लूचा पातळ हात द्या, ‘ब’ तिच्यावर ठेवून हलवा. जिथे उंचवटा तिथे निळा डाग लागतो. तेवढाच डाग स्क्रेपरने खरवडा. पुन्हा ब्लू, पुन्हा डाग. दोन्ही प्लेटा एकमेकींना तंतोतंत जुळेपर्यंत. मग त्या सपाट झाल्या का? नाही! ‘अ’ फुगीर असेल आणि ‘ब’ तेवढीच खोलगट, तरी त्या छान जुळतात. आता ‘क’ही ‘अ’ला जुळवा. तीही खोलगट झाली. मग ‘ब’ आणि ‘क’ समोरासमोर ठेवा. कडा टेकतात, मध्ये पोकळ. बिंग फुटलं. दोघांना संगनमत करता येतं, तिसरा आला की जमत नाही. सहकारी संस्थांवर मी काही बोलत नाही. (मोठा हशा)

ती चूक दोघींत वाटून खरवडायची आणि फेरी पुन्हा सुरू. मध्येच एक प्लेट काटकोनात फिरवून बघायची, नाहीतर पीळ लपून राहतो. चौरस इंचात वीसच्या आसपास डाग सारखे पसरलेले दिसले की काम चांगलं झालं. व्हिटवर्थचा आग्रह होता की एमरीने घासून हे करू नका. घासताना पूड कुठे किती खाते ते कळत नाही. स्क्रेपर दाखवलेल्या डागावरच चालतो. या सगळ्यात कुठेही आधीची सपाट वस्तू वापरलेली नाही. तीन ओबडधोबड प्लेटांतून…

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं.

तर शेपर, मिलिंग मशीन आणि बाकीचं, ज्यावर मी रात्री जागून टिपणं काढली होती, ते सगळं एका वाक्यात: लेथ आणि भट्टी असली की उरलेलं वर्कशॉप त्याच पद्धतीने उभं राहतं. झालं.

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ मघापासून मान हलवताहेत. त्यांचा कारखाना मला माहीत आहे, उत्तम आहे. त्यांना म्हणायचंय, सीएनसीच्या काळात हा पोरखेळ कशाला? साहेब, तुमचं मशीन विकून घरी ॲल्युमिनियम ओता असं मी म्हणत नाही. तो लेथ हलका असतो, खोल काप घेतला की थरथरतो. त्यावर उत्पादन होत नाही, हलक्या हाताने कातकाम होतं. पण तुमच्या मशीनचा स्लाइडवे झिजला की स्क्रेपिंगवाला शोधायला तुम्ही किती गावं फिरता? अतिअचूक मशिनांचे स्लाइडवे काही उत्पादक आजही हाताने स्क्रेप करतात. ते हात तयार कुठे होणार? (टाळ्या) टाळ्या नकोत, तीन मिनिटं उरलीत.

आयटीआयमध्ये मुलगा कानशीने चौकोन करतो आणि तयार सरफेस प्लेटवर तपासतो. ती प्लेट सपाट कशी झाली, हे त्याला कुणी सांगत नाही. त्याच्या दृष्टीने ती दुकानातून येते. माझी मागणी एवढीच आहे. इथल्या फाउंड्रीवाल्यांनी गावातल्या प्रत्येक आयटीआयला आणि इंजिनिअरिंग कॉलेजला बिडाच्या तीन-तीन प्लेटा ओतून द्याव्यात. वीतभर चौरस, मागून रिबा असलेल्या. मोल्डिंगच्या एका दिवसात जेवढं रिजेक्शन निघतं, तेवढ्या बिडात सगळ्या शहराचं भागेल. स्क्रेपर जुन्या कानशींचे करता येतात, ते मी करून देतो. रविवारी सकाळी शिकवायलाही येतो, मानधन नको. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. प्लेटा देणाऱ्यांनी डाव्या पानावर आणि शिकणाऱ्यांनी उजव्या पानावर नाव लिहून मगच घरी जावं.