हायड्रोजनची वाट बघावी का?

३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराई मोटारीतून संसदेत गेले. ते दृश्य टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, आणि दापोलीजवळच्या हर्णेसारख्या बंदराच्या गावातही एक शंका डोकं वर काढू लागली. पर्यटकांना दोन खोल्या देऊन ज्यांच्या गाठीला चार पैसे जमले आहेत ते विचारतात, "बॅटरीची गाडी आत्ता घेतली आणि उद्या हायड्रोजनची आली, तर पैसे पाण्यातच की!" माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हायड्रोजनसाठी थांबू नका. आता कारणं.

या दोन गाड्या वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत. दोन्हींची चाकं विजेच्या मोटरवरच फिरतात. एकीत वीज आधीच भरून ठेवलेली असते, दुसरीत ती धावता धावता तयार होते. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन फ्युएल सेलमध्ये एकत्र येतात, वीज निघते आणि मागच्या नळीतून धुराऐवजी पाणी पडतं. ही विद्या आपल्याकडे नाही असंही समजू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्यात केपीआयटी कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी अशी मोटार चालवून दाखवली. त्यासाठी त्यांनी घेतली होती बॅटरीवरची मोटारच, आणि तिच्यात १० किलोवॅटचा फ्युएल सेल बसवला. टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन, हवेच्या दाबाच्या ३५० पट दाबाखाली कोंडलेला. ताशी ६०-६५ च्या वेगानं तेवढ्यावर सुमारे २५० किलोमीटर जाता येईल, असं तेव्हा सांगितलं गेलं.

आता ही गाडी मनातल्या मनात ताम्हिणी उतरवून, माणगाव, मंडणगड करत हर्णेला आणा. पुण्याहून साधारण २०० किलोमीटर. आली बिचारी. परत जाताना घाट चढायचा आहे, टाकीत उरलाय ५० किलोमीटरपुरता वायू, आणि तो भरायचा पंप दापोलीत नाही, खेडला नाही, चिपळूणलाही नाही.

पंप काय, उद्या होतीलही. खरी अडचण हिशेबात आहे. पाण्यातून एक किलो हायड्रोजन वेगळा करायचा आणि दाबून टाकीत भरायचा, तर ५५ युनिटांच्या आसपास वीज लागते. शंभर किलोमीटरला मोटार पाऊण ते एक किलो हायड्रोजन खाते. म्हणजे ४० ते ५५ युनिटं झाली. तेवढंच अंतर बॅटरीची साधी गाडी १५ ते १८ युनिटांत कापते. हर्णेकरांना हे समजावून सांगायला नको. संध्याकाळच्या लिलावात घेतलेलं पापलेट इथंच तव्यावर पडलं तर मासळीचे तेवढे पैसे. तेच पुण्याच्या गणेश पेठेत पोचवायचं म्हटलं की बर्फ आला, टेम्पो आला, हमाली आली, दलाली आली. हायड्रोजनच्या वाटेवर असे हात फार. पाणी फोडताना वीज जाते, वायू दाबताना जाते, आणि उरलेल्यातली निम्मी फ्युएल सेलमध्ये उष्णता होऊन जाते. यंत्रं सुधारतील, घट कमी होईल. पण विजेचा वायू करून त्याची पुन्हा वीज करायची, हा वळसा काही चुकत नाही.

बरं, हा वळसा घ्यायचा कशासाठी? तर पाच मिनिटांत टाकी भरते म्हणून. हा फायदा खरा आहे. पण पुण्याचा पाहुणा शनिवारी येतो, गाडी माडाखाली लावतो आणि सुवर्णदुर्ग, कड्यावरचा गणपती करून रविवारी निघतो. रात्रभर गाडी उभीच असते. त्याला पाच मिनिटांची घाई कुठली? अंगणात १५ अँपिअरचा प्लग असला तरी सकाळपर्यंत काम होतं. हायड्रोजनचे पंप उभारून पाहिलेल्या कॅलिफोर्नियात शेल कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये मोटारींसाठीचे आपले पंप बंद केले, हेही लक्षात असू द्या.

बॅटरीचे दोषही सांगतो, नाहीतर हे भाषण जाहिरात होईल. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात पोफळीला कोयनेच्या पाण्यावर वीज होते खरी. पण देशातली बहुतेक वीज आजही कोळशाची आहे. आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथं कोण विसरलंय? दापोली-मंडणगडातली कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. अशा वेळी विजेची गाडी म्हणजे अंगणातलं शोभेचं खोकं. मात्र पेट्रोल पंपही विजेवरच चालतो, आणि हायड्रोजन दाबणारं यंत्र तर विजेशिवाय हलतच नाही. कौलांवर सौर पॅनेल आणि त्याला साठवणीची बॅटरी असली तर निदान थोडी तरी वीज घरची.

मग हायड्रोजन मोडीत काढायचा का? मुळीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, ते काही तुमच्याआमच्या मोटारीसाठी नव्हे. खतं, पोलाद, तेलशुद्धीकरण, लांब पल्ल्याचे ट्रक ही त्याची खरी गिऱ्हाइकं. मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सनं हायड्रोजनच्या ट्रकांच्या चाचण्या सुरू केल्या, त्यांत मुंबई-पुण्याकडचे रस्ते आहेत. कोचीन शिपयार्डनं वाराणसीसाठी हायड्रोजनवर चालणारी प्रवासी बोट बांधली, तिचं उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ ला झालं. नदीतली ५० माणसांची बोट वेगळी आणि बर्फ, जाळी भरून चार-चार दिवस समुद्रात राहणारा ट्रॉलर वेगळा, हे कबूल. पण तेवढ्या कामाला पुरेल अशी बॅटरी ठेवली तर मासळी कुठं ठेवायची? हर्णेत हायड्रोजन आलाच तर मला वाटतं तो आधी बंदरात येईल, मोटारींना मागून.

तोवर ज्यांना बॅटरीची गाडी घ्यायची आहे, त्यांनी शोरूमला जाण्याआधी दोन कामं करावीत. महावितरणकडून घराचा मंजूर भार किती आहे ते बघावं आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये ओल राहत नाही, अर्थिंग कच्चं पडतं, आणि चांगला चार्जर अशा वेळी गाडी भरायला सरळ नकार देतो. खड्डा खोल घ्या आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा.