पहिला डोंगर निवडताना
(अकोले तालुक्यातील महिला शिबिरात केलेले भाषण)



डोंगर चढायचा म्हटलं की माझे पाय आजही थरथरतात. गावोगाव बायकांना 'घाबरू नका' सांगत फिरणाऱ्या कार्यकर्तीनं हे कबूल करावं का? करावं. आपण भीती लपवतो, म्हणूनच आपला डोंगर दुसरं कुणी निवडतं.

माझा पहिला डोंगर असाच इतरांनी ठरवला होता. कळसूबाई! १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून निघालो. लोखंडी शिडीपाशी माझे हात गारठले. मागून कुणी तरी हसलं. मी खाली उतरले आणि कित्येक वर्षं स्वतःला भित्री म्हणत राहिले.

पुढचा डोंगर मी निवडला, हरिश्चंद्रगड. त्याच्या वाटा अनेक. नळीची वाट कातळ चढण्याचा सराव असलेल्यांची. पाचनईची वाट सोपी, दोन-अडीच तासांची, हवं तिथून परत फिरता येणारी. पावसाळा टाळला, जाणती सोबतीण घेतली. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचले, तेव्हा कळलं, चूक माझ्या पायांची नव्हती, निवडीची होती.

म्हणून आधी विचारा: शिडी आहे का? मध्येच परतता येईल का? सोबत कोण? आडोसा कुठे? उंची सगळ्यांत शेवटी विचारा.

कळसूबाईची गोष्ट आपल्याकडे सांगतात. केर-भांडी सोडून कोणतंही काम करीन, ही तिची अट. ती मोडली गेली, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली. आपणही आपली अट सांगूनच निघू या.